बेळगाव ते कृष्णपुरा : किती तास?

आपल्या भागात अंतर विचारले तर कुणी किलोमीटर सांगत नाही. बसस्टँडवर एखाद्या म्हाताऱ्या बाईला विचारा, "मावशी, गोकाक किती लांब?" ती म्हणेल, "दोन तास." कन्नडमध्ये विचारा, "एष्टु दूर?" उत्तर येईल, "एरडु तासु." म्हैसूरकडचा माणूस 'गंटे' म्हणतो, पण आपल्याकडे तास दोन्ही भाषांत तासच आणि दूर दोन्ही भाषांत दूरच. आमची अज्जी कोस आणि हरदारीत बोलायची. तिच्या हरदारीचा अर्थही 'चालत किती वेळ लागेल' एवढाच असे.

आमच्या घरात एका अंतराची चर्चा जितकी झाली तितकी दुसऱ्या कशाची झाली नसेल. ते अंतर म्हणजे बेळगाव ते इंदूर. कारण १९६४ साली माझी आत्या, अप्पांची धाकटी बहीण, एकोणिसाव्या वर्षी इंदूरला दिली. सासर कृष्णपुऱ्यात. राजवाड्यापासून पायी काही मिनिटांवर, कान्ह नदीच्या काठी होळकरांच्या छत्र्या आहेत. कृष्णाबाईंची, दुसऱ्या तुकोजीरावांची आणि शिवाजीरावांची. आत्याच्या सासरच्या जुन्या घराच्या गॅलरीतून त्या छत्र्यांचे कळस दिसायचे. आमचे मूळ गाव चिकोडी तालुक्यात, कृष्णेच्या काठी. आत्या हसून म्हणायची, "कृष्णेकाठून उचलली आणि कृष्णपुऱ्यात नेऊन ठेवली. नाव तेवढं ओळखीचं, बाकी सगळं परकं."

परके म्हणजे अगदी परके नव्हतेच. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरात आली आणि महाराष्ट्रातली कितीतरी घराणी तिथे स्थिरावली. घरात मराठी, देवघरात खंडोबा, सणाला पुरणपोळी. पण तिथली मराठी ऐकून पहिल्यांदा आत्याला हसू आवरेना. "मी येऊन राहिली आहे" म्हणजे 'मी येते आहे', हे कळायला तिला आठवडा लागला. आणि तिची बेळगावी मराठी ऐकून सासरची मंडळी हसली, ती बहुधा आयुष्यभर हसत राहिली.

लग्नाचे वऱ्हाड कसे गेले ते अप्पांनी आम्हाला इतक्यांदा सांगितले आहे की मीच त्यात होते असे वाटते. बेळगावहून पुण्यापर्यंत तेव्हा छोटी लाइन, म्हणजे मीटर गेज. पुण्याला उतरायचे, मोठ्या लाइनची गाडी धरून मनमाड. मनमाडहून खंडवा. खंडव्याला पुन्हा उतरायचे आणि पुन्हा छोटी लाइन. ही खंडवा-इंदूर लाइन होळकरांची. दुसऱ्या तुकोजीरावांनी इंग्रज सरकारला त्यासाठी एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. मोरटक्क्याच्या पुलावर सगळ्यांनी नर्मदेत पैसे टाकले. कालाकुंडला पळसाच्या पानावरचा कलाकंद खाल्ला. पाताळपाणीच्या घाटात गाडी इतकी हळू चढली की मुले उतरून शेजारून चालू लागली, असे अप्पा सांगतात. यात किती खरे आणि किती अप्पांचे, ते विचारायचे नाही. दोन रात्री आणि तिसरा दिवस. "सामान किती वेळा उतरवलं, मोजलंच नाही," असे म्हणून ते थांबत. मग हलकेच, "परत येताना एक माणूस कमी होतं."

कन्नडमध्ये एक म्हण आहे, 'कोट्ट हेण्णु कुलक्के होरगु.' दिलेली लेक कुळाबाहेर. आपण मराठीत तेच जरा गोड करून 'दिल्या घरी सुखी राहा' म्हणतो. माझी आई बैलहोंगलकडची, कन्नड बोलणाऱ्या घरातली. तिला ही म्हण मुळीच आवडत नसे. ती म्हणायची, "लेक कुळाबाहेर जात नाही. गाडीची वेळ जुळत नाही म्हणून बाहेर राहते."

हे किती खरे होते ते १९७८ मध्ये कळले. मी तेव्हा शाळेत होते. पावसाळ्यात अज्जी गेली. सकाळी गेली आणि दुपारी चारला उचलली, कारण आपल्याकडे याहून जास्त थांबत नाहीत. अप्पांनी तार केली. तार कृष्णपुऱ्यात दुसऱ्या दिवशी पोचली. आत्या मिळेल त्या गाडीने निघाली. तोवर पुण्याहून मिरजेपर्यंत मोठी लाइन आली होती, पण पुढे छोटीच. आत्या दारात आली तो पाचवा दिवस होता. ती रडली नाही. अज्जी जिथे झोपायची त्या कोपऱ्यात जाऊन तिने जमिनीला हात लावला आणि आईला विचारले, "वहिनी, शेवटी काय म्हणाली?" आईने जे सांगितले ते कन्नडमध्ये सांगितले. अज्जी शेवटी कन्नडमध्येच बोलली होती.

त्या पाच दिवसांबद्दल मी पुढे खूप विचार केला. आत्याला वाईट वाटले ते उशिरा आल्याचे. पण तारेच्या त्या काळात एक दया होती, ती आता लक्षात येते. बातमी आणि माणूस जवळपास सारख्याच चालीने चालत होते. बातमीला एक-दीड दिवस, माणसाला दोन-अडीच. आई गेल्याचे कळले तेव्हा तिचे सगळे होऊन गेले होते. आत्या गाडीत बसली ती रडत बसली, तडफडत बसली नाही.

तडफड काय असते ते आम्ही १९९६ मध्ये पाहिले. आत्याचे यजमान गेले. तोवर कृष्णपुऱ्यातल्या घरी फोन आला होता, आमच्याकडेही आला होता. पहाटे सहाला घंटी वाजली. पाच मिनिटांत सगळे कळले. आत्या स्वतः बोलली, "दादा, हे गेले." दुपारी दोनला नेणार होते. अप्पा सातला घराबाहेर पडले. पुण्यापर्यंत बस, मग पुण्याहून संध्याकाळची इंदूरची खासगी बस. दुपारी दोन वाजता ते साताऱ्याच्या अलीकडे होते. नंतर एकदा त्यांनी मला सांगितले, "दोनला मी घड्याळ पाहिलं. मला माहीत होतं, आता तिकडे उचलतायत. आणि माझ्या शेजारचा माणूस शेंगा खात होता." कृष्णपुऱ्यात पोचले तेव्हा दुसऱ्या दिवसाचे दहा वाजले होते. सत्तावीस तास.

बातमी पाच मिनिटांत आणि माणूस सत्तावीस तासांनी. मला वाटते, दोन गावांमधले खरे अंतर हेच. बातमी पोचल्यापासून माणूस पोचेपर्यंतचा वेळ. तारेच्या दिवसांत गावे दूर होती, पण हे अंतर लहान होते. टेलिफोन आला आणि गावे जवळ आली असे सगळे म्हणू लागले. दूर राहणाऱ्या लेकीसाठी मात्र ते अंतर त्याच दिवसांत सर्वांत मोठे झाले. तार २०१३ च्या जुलैत कायमची बंद झाली तेव्हा वर्तमानपत्रांत आठवणींचे लेख आले. अप्पांनी ते वाचले आणि म्हणाले, "तार वाईट बातमी आणायची, पण दमून आणायची."

पुढे रस्ता सुधारला. सुवर्ण चतुष्कोन योजनेत मुंबई-चेन्नईचा पुणे, बेळगाव, बंगळूरमार्गे जाणारा महामार्ग चौपदरी झाला, आणि बेळगाव-पुणे आठ तासांवरून साडेसहा तासांवर आले. पण पुण्यापुढचे इंदूर तसेच राहिले. रस्त्याने बेळगावहून इंदूर सुमारे साडेनऊशे किलोमीटर, आणि रेल्वेने जायचे तर पुण्याहून निघणारी इंदूर एक्स्प्रेस गुजरातेतून वळसा घेऊन जाते. सुरत, बडोदा, रतलाम, उज्जैन, मग इंदूर.

हा वळसा किती मोठा आहे ते मला एका दुपारी नातवाच्या शाळेच्या नकाशावर कळले. त्याला गृहपाठ होता : दोन शहरांमधले सरळ अंतर काढा. मी म्हटले, बेळगाव आणि इंदूर घे. पट्टी ठेवली आणि दोघेही बघत राहिलो. इंदूर बेळगावच्या जवळजवळ नाकासमोर उत्तरेला आहे. अक्षांशात सात अंशांना थोडा कमी फरक, रेखांशात जेमतेम सव्वा अंश. एक अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. गुणाकार केला, पूर्वेकडचे थोडे धरले, उत्तर आले सुमारे ७७० किलोमीटर. आणि पट्टीच्या कडेने काय काय गेले ते पाहा. आधी आपली घटप्रभा आणि कृष्णा, मग उजनीच्या बाजूने भीमा, पैठणच्या बाजूने गोदावरी, जळगावपाशी तापी, शेवटी नर्मदा. पहिल्या चार पूर्वेकडे धावणाऱ्या, शेवटच्या दोन पश्चिमेकडे. एवढेच नाही, ही रेघ जामखेडकडच्या चौंडीपासून फार लांब जात नाही आणि महेश्वरच्या थोड्या पूर्वेने जाते. चौंडी अहिल्याबाईंचे जन्मगाव, महेश्वर त्यांची राजधानी. आत्याच्या सासरच्यांची थोरली मालकीण जणू या रेघेवरच राहिली. गंमत वाटली म्हणून मी आत्याला फोन करून सांगितले. ती म्हणाली, "पट्टीवरून चालत येता येतं का गं?"

तिने हे विचारले आणि दोन-तीन वर्षांतच तसे घडले. केंद्र सरकारची 'उडान' योजना २०१६ मध्ये जाहीर झाली, तिचे पहिले विमान एप्रिल २०१७ मध्ये सिमला-दिल्ली उडाले. कल्पना अशी की लहान शहरांना विमानाने जोडायचे, निम्म्या जागांचे भाडे तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांच्या आसपास बांधून द्यायचे आणि विमान कंपनीला येणारी तूट तीन वर्षे सरकारने भरून द्यायची. आपल्या सांबऱ्याला त्याचा चांगला लाभ झाला. जानेवारी २०२० मध्ये बेळगाव-इंदूर थेट विमान सुरू झाले. ५० आसनांचे, दोन जेट इंजिनांचे एम्ब्रेअर.

अप्पा तेव्हा ऐंशी पार केलेले. फेब्रुवारीत आम्ही दोघे निघालो. घरी सगळ्यांनी 'जाऊन या' म्हटले, आईने सवयीने 'होगि बर्री' म्हटले. दोन्ही भाषांत परत यायचे आधीच सांगून ठेवतात, तेवढे बरे असते. अप्पांनी लोकरी मफलर, पाण्याची बाटली, केळी, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. बाटली तपासणीच्या जागी काढून घेतली तेव्हा त्यांनी त्या पोराला विचारले, "इंदूरपर्यंत पाणी नाही म्हणजे?" तो म्हणाला, "अज्जा, दीड तासात पोचाल." अप्पांचा विश्वास बसला नाही. भाकरी मात्र आत नेऊ दिली.

सांबऱ्याच्या धावपट्टीच्या पलीकडे सुळेभावी. विमान वर चढले तसे मी अप्पांना म्हटले, "कुमारांचं गाव." कुमार गंधर्व, म्हणजे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, इथे ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मले. घर कन्नड. मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकले, आणि क्षयाने आजारी पडल्यावर हवापालटासाठी जानेवारी १९४८ मध्ये देवासला गेले. देवास इंदूरपासून पस्तीस-एक किलोमीटर. आजारातून उठून ते पुन्हा गायले, माळव्यातल्या बायकांची लोकगीते त्यांनी मैफलीत आणली, आणि १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच त्यांचे निधन झाले. आमच्या आत्यासारखेच, इकडचे माणूस तिकडचे होऊन गेले. कानडी कानाने माळवा ऐकला, आणि माळव्यात जाऊन मराठी घरे आपलीशी केली. आत्याने त्यांना इंदुरात दोनदा समोर बसून ऐकले होते. ती म्हणायची, "गाणं कळलं नाही फारसं. पण मध्येच बोलायला लागले ना, तो हेल ऐकला आणि मला बेळगावचा बसस्टँड आठवला."

अप्पांनी खिडकीला नाक लावून नद्या मोजायचा प्रयत्न केला. भीमेच्या पाण्याचा मोठा पसारा दिसला, ती उजनी असावी. पुढे ढग आले. चाके सुटल्यापासून चाके टेकेपर्यंत एक तास पंचवीस मिनिटे झाली. भाकरी सोडायलाच वेळ मिळाला नाही. अर्थात विमानाचा वेळ म्हणजे प्रवासाचा वेळ नव्हे. घर ते सांबरा अर्धा तास, दीड तास आधी पोचणे, उतरल्यावर सामान, मग अहिल्याबाईंच्या नावाच्या त्या विमानतळापासून आठ-एक किलोमीटर शहरात. दारापासून दारापर्यंत पावणेपाच तास. तरी कुठे अडीच दिवस आणि कुठे पावणेपाच तास. सकाळचा चहा बेळगावात घेतलेला माणूस कृष्णपुऱ्याच्या जिन्यात उभा राहिला तेव्हा आत्या दार उघडून नुसतीच बघत राहिली. मग छप्पन्न वर्षे माळव्यात राहिलेल्या त्या बाईच्या तोंडून पहिले शब्द आले ते वहिनीकडून शिकलेले, "ऊटा आतेन?" जेवण झाले का?

अप्पांनी भाकरी काढून तिच्या हातात ठेवली. "आज सकाळची आहे," म्हणाले. बेळगावची ताजी भाकरी कृष्णपुऱ्यात कुणी आणून द्यावी ही गोष्ट तिच्या हिशेबात बसत नव्हती. तिने ती अर्धी खाल्ली आणि अर्धी रात्रीसाठी झाकून ठेवली.

आम्ही चार दिवस राहिलो. इथे मला एक हिशेब मांडावासा वाटतो. आत्या माहेरी यायची तेव्हा प्रवासाचे तीन-तीन दिवस जाणार म्हणून निदान महिनाभर राहायची. पापड लाटून जायची, आमच्या केसांना तेल लावायची, आईकडून नवीन कन्नड शिव्या शिकून जायची. आम्ही दीड तासात गेलो आणि चार दिवसांत परतलो. प्रवास आखडला तसा मुक्कामही आखडला. मला याची तक्रार करायची नाही. पण विमानाने जेवढे तास वाचवले तेवढे सगळे आपण माणसांना दिले, असे कुणी म्हणू नये.

त्या चार दिवसांत भाऊ-बहीण संध्याकाळी छत्र्यांपाशी जाऊन बसत. दगडी पायऱ्या, आत राजघराण्यातल्यांच्या मूर्ती, बाहेर रिक्षांचा गोंगाट. आत्याच्या लग्नात नदीला पाणी होते, मग वर्षानुवर्षे नुसता वास होता, आता काठ तरी धुऊन पुसून ठेवला आहे, असे ती सांगत होती. एका संध्याकाळी ती अप्पांना म्हणाली, "दादा, मी गेले की तू येशील ना?" अप्पा म्हणाले, "मी थोरला. मी आधी." ती म्हणाली, "ते देव बघेल. पण थांबायला सांगून ठेवते मी पोरांना. आता थांबता येतं."

मला त्या वेळी या वाक्याचे महत्त्व कळले नाही. महिन्याभरात टाळेबंदी आली. २५ मार्च २०२० पासून देशातली विमाने दोन महिने जमिनीवर होती. बातमी तर आता पाच मिनिटेही घेत नव्हती, मोबाईलवर चेहराच समोर यायचा. माणूस मात्र तालुक्याच्या हद्दीबाहेर जाऊ शकत नव्हते. त्या दिवसांत इकडच्या तिकडच्या किती घरांनी शेवटचे दर्शन पडद्यावर घेतले, ते आपण सगळे जाणतो. आत्या रोज रात्री आठला फोन करायची आणि अप्पांना आधी घसा दाखवायला लावायची.

ती गेली डिसेंबर २०२२ मध्ये. पहाटे अडीचला आतेभावाचा फोन आला. अप्पांनी फोन माझ्या हातून घेतला आणि एकच विचारले, "कधी नेताय?" तिकडून आतेभाऊ म्हणाला, "मामा, तुम्ही कधी पोचता ते सांगा. आई सांगून ठेवून गेली आहे."

त्या दिवशी बेळगावहून थेट विमान नव्हते. माझ्या मुलाने फोनवर पुण्याहून दुपारचे विमान शोधले, तीन तिकिटे काढली आणि पहाटे सव्वातीनला गाडी काढली. कोल्हापूर अंधारात गेले, साताऱ्याला उजाडले. पावणेदहाला लोहगाव. पुणे-इंदूर सरळ अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास, विमान सव्वा तासाचे. निघताना मी आतेभावाला कळवले : एक वाजता उतरतो, दोनपर्यंत घरी. तो म्हणाला, "तीन ठरवलं आहे. सावकाश या."

साताऱ्याच्या अलीकडे अप्पांनी घड्याळ पाहिले. मी पाहिले त्यांना पाहताना. सव्वीस वर्षांपूर्वी बसमध्ये याच रस्त्यावर त्यांनी असेच घड्याळ पाहिले होते. या वेळी ते काही बोलले नाहीत, नुसते मनगट खाली ठेवले. दोन वाजून दहा मिनिटांनी आम्ही कृष्णपुऱ्यातल्या घरात होतो. आतेभाऊ बाजूला सरकला. त्र्याऐंशी वर्षांच्या भावाने सत्याहत्तर वर्षांच्या बहिणीच्या कपाळावर हात ठेवला. माहेरची साडी आईने माझ्या पिशवीत घालून दिली होती, ती तिच्या अंगावर घातली. मग तीनला निघालो.

आमच्या घरातल्या पंचावन्न-साठ वर्षांत एवढे एकदाच जमले. कुणी विचारेल, काय मिळाले? गेलेले माणूस तर गेलेच होते. पण मला वाटते, विमानाने जाणाऱ्याला जितके दिले त्याहून जास्त मागे थांबणाऱ्यांना दिले. १९७८ मध्ये आम्ही आत्यासाठी थांबलो नाही, कारण किती थांबायचे हेच कुणाला सांगता येत नव्हते. ती तीन दिवसांनी येईल की पाच, की वाटेत गाडी चुकेल? १९९६ मध्येही सत्तावीस तास कुणी थांबणार नव्हते. आता 'दोनपर्यंत पोचतो' असे सांगता येते, म्हणून 'तीन ठरवू' असे म्हणता येते. आत्या छत्रीच्या पायरीवर बसून हेच तर म्हणाली होती.

म्हणून दूर लेक दिलेल्या किंवा दूर लेक गेलेल्या घरांना दोन गोष्टी सांगते. पहिली व्यवहाराची. विमानांच्या फेऱ्या ऋतूप्रमाणे आणि सवलतींप्रमाणे बदलतात. सवलतीची तीन वर्षे संपली की आज असलेली फेरी उद्या असेलच असे नाही. म्हणून एकाच विमानावर भिस्त ठेवू नका. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या मागे एक कागद चिकटवला आहे. त्यावर तीन वाटा लिहिल्या आहेत : थेट, पुण्याहून, मुंबईहून. प्रत्येकीपुढे दारापासून दारापर्यंतचे तास. दर दिवाळीला मुलगा त्या वेळा पाहून दुरुस्त करतो. दुसरी गोष्ट बोलण्याची. थांबायचे की नाही, आणि किती, हे धडधाकट असताना बोलून ठेवा. आत्याने ते अवघड बोलणे हसत हसत उरकले, म्हणून तिच्या मुलावर ऐन वेळी निर्णयाचा भार पडला नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मनमाड-इंदूर नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. ३०९ किलोमीटर, खर्च १८,०३६ कोटी रुपये. तो झाला की खंडव्याचा आणि गुजरातचा, दोन्ही वळसे टळतील. अप्पांनी ती बातमी भिंगातून दोनदा वाचली. मला वाटले, आता तिकडे त्यांचे कोण राहिले आहे? पण त्यांनी मुलाला हाक मारून तो कागद खाली काढायला लावला, त्यावर चौथी ओळ आखून घेतली, आणि तासांची जागा रिकामी सोडली. आतेभावाची मुलगी सध्या हुबळीला नोकरीला आहे, कन्नड शिकते आहे. तिचे आईवडील कृष्णपुऱ्यातच असतात.